कड तीच, वाटी दुसरी

माझ्या वन्सं, म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, शहराच्या वाद्यवृंदात सव्वीस वर्षं फ्रेंच हॉर्न वाजवत होत्या. तिथे चार हॉर्नवाले एका रांगेत बसतात, त्यांतल्या त्या चौथ्या. पहिला आणि तिसरा वरच्या सुरांत हिंडतो, दुसरा आणि चौथा खालच्या सुरांत. "टाळ्या वरच्यांना पडतात," वन्सं म्हणायच्या, "पण आम्ही खालून सरकलो की पडतात ते वरचेच."

ज्यांनी हा हॉर्न पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पितळेची एक लांबच लांब नळी, गोल गोल गुंडाळलेली आणि शेवटी मोठ्या फुलासारखी उमललेली. डाव्या हाताची बोटं कळांवर ठेवायची, उजवा हात त्या फुलाच्या आत. नळीच्या सुरुवातीला बोटभर लांबीचा एक तुकडा असतो, तो काढता-घालता येतो. तो माउथपीस. त्याचे तीन भाग वन्संनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवले होते. ओठ टेकतात ती कड, तिच्या आत खोलगट वाटी, आणि हॉर्नमध्ये शिरते ती दांडी.

या घरातली माझी पहिली सकाळ मला अजून आठवते. मी अर्धवट झोपेत होते. कुणीतरी पलीकडच्या काठावरून हाका मारत होतं. हाक मला नव्हती, पण मनाला बरं वाटत होतं. पाण्यावरून येताना ती हाक ओली झाल्यासारखी वाटत होती. मी डोळे उघडले, तरी ती थांबेना. मग कळलं, आवाज वरच्या खोलीतून येतोय. ह्यांनी कूस न बदलताच सांगितलं, "ताई आहे. सवय होईल."

सवय झालीच. माझी दोन्ही मुलं त्या आवाजावर झोपली आणि त्याच आवाजाने उठली. ती वन्संना भोंगाआत्या म्हणत. भोंगाआत्या चिडायच्या नाहीत. उलट बिछान्याजवळ बसून नुसता माउथपीस ओठांना लावून भुंग्यासारख्या गुणगुणायच्या आणि मुलं हसून लोळायची.

तो माउथपीस कायम त्यांच्या खिशात असे. पितळ गार असलं की ओठ रुसतात म्हणून तो अंगाच्या उबेत ठेवायचा. तरुणपणी लग्नाचं विचारायला एक गृहस्थ आले होते. त्यांनी खिशाच्या फुगवट्याकडे पाहून विचारलं, "हे काय?" वन्संनी काढून वाजवून दाखवलं. गृहस्थ निम्मा चहा टाकून उठले. सासूबाई पुष्कळ बोलल्या. वन्सं म्हणाल्या, "बरं झालं. निम्म्या कपातच उलगडा झाला."

हे सगळं सुखाने चाललं होतं. वन्सं चोपन्न वर्षांच्या झाल्या त्या वर्षी वाद्यवृंदाने चार नवे हॉर्न आणले. चारही एकाच कारागिराच्या हातचे, कारण वाद्यवृंद चालवणाऱ्या सरांना चौघांचा आवाज एका गळ्यातून आल्यासारखा हवा होता. जुने हॉर्न ज्याचे त्याने घरी ठेवायचे. सर म्हणाले, तीन आठवड्यांनी एकेकाला ऐकतो आणि मग चौघांना मिळून ऐकतो. ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी स्वरलिपीच्या खोलीत जागा आहे.

ती खोली मी एकदा पाहिली होती. सभागृहाच्या तळघरात, खिडकी नसलेली, छतापर्यंत कागद. तिथे बसून माणसाने कागद लावायचे, फाटलेले चिकटवायचे आणि वर तालीम सुरू झाली की छतातून येणारी धडधड ऐकायची. वाईट काम नाही ते. पण वन्संसाठी ते म्हणजे स्वतःच्याच घराच्या अंगणात पाहुण्यासारखं बसणं.

नवा हॉर्न घरी आला. फूल मोठं, पितळ जड. वन्संनी खिशातला माउथपीस त्यात बसवला आणि खालचा सूर लावला. मी जिन्यात होते. अंधारात पायरी संपली हे न कळल्यामुळे पाऊल हवेत पडावं, तसा तो सूर पडला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तसाच.

आठ दिवस तेच. आठव्या दिवशी त्या जेवताना शांतपणे म्हणाल्या, "माझे ओठ गेले."

"कुठे गेले?" हे म्हणाले. आमचे हे बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त करतात. त्यांना आधीच कमी ऐकू येतं, त्यात विनोद करायची हौस. वन्सं हसल्या नाहीत, तेव्हा मात्र ह्यांनी घास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी वन्संनी पाच माउथपीस गोळा करून आणले. दोन पहिल्या हॉर्नवाल्याकडून मागून, एक वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांचा, एक स्वतःच तरुणपणी घेतलेला आणि कधी न वापरलेला, आणि पाचवा खिशातला जुना. मला म्हणाल्या, "तू ऐकायचंस. दाराकडे पाठ करून बस. मी क्रम सांगणार नाही. प्रत्येकाला दहापैकी मार्क दे."

"वन्सं, मला सुरातलं काय कळतं?"

"म्हणूनच तू. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांतून ऐकू येतो, तो खोटा असतो. आणि कळणारी माणसं माउथपीसवरचं नाव बघून मार्क देतात."

"मग ह्यांना बसवा."

"त्याला मी आणि इंजिन यांतला फरक सांगता आला तरी देव पावला म्हणायचा."

मी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसले. कॅलेंडरचं मागचं पान आणि पेन्सिल शेजारी. वरून एकच लहान तुकडा पुन्हा पुन्हा खाली येत राहिला. एकदा वाटलं, रिकाम्या हंड्यात कुणी बोलतंय. एकदा वाटलं, गादीखाली दडपलेला माणूस. मग तो आवाज यायचा, पलीकडच्या काठावरचा, आणि माझा हात आपोआप दहावर जायचा. शेवटी वन्सं खाली आल्या, आपल्याकडचा क्रम माझ्या आकड्यांशी ताडून पाहिला. प्रत्येक फेरीत दहा एकालाच होते. जुन्याला. मला माझ्या कानांचं केवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू! वन्संच्या चेहऱ्यावरही किती दिवसांनी रंग आला. "म्हणजे नवा हॉर्न मला अजून कळला नाही, एवढंच," म्हणाल्या. "माउथपीस हाच."

त्या तो घेऊन तालमीला गेल्या. परत आल्या तेव्हा पेटीच्या दोन्ही खिट्या लावलेल्या होत्या आणि पेटी त्यांनी नेहमीसारखी उघडली नाही. पहिला हॉर्नवाला, माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा, सगळे गेल्यावर हळूच म्हणाला होता, "ताई, रागावू नका. तुमचा सूर आमच्या खाली येत नाही. बाजूला उभा राहतो." सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं होतं.

मी रोज सकाळी देवापुढे दोन मिनिटं डोळे मिटून बसते. मागत काही नाही. दुसऱ्या दिवशी बसले तर मन काही केल्या लागेना. कुणाच्या तरी घरातलं भांडं न विचारता उचलून आणल्यासारखं वाटत होतं. आणि मग तिथेच बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. मी मार्क दिले होते ते त्या सुराला नव्हतेच.

मी वर गेले. वन्सं खिडकीशी बसून समोरच्या लाकडाच्या वखारीकडे बघत होत्या.

"वन्सं, माझं चुकलं."

"मीठ जास्त पडलं का?"

"थट्टा नको. मी दहा दिले ते आवाजाला नव्हते, तुम्हाला दिले. तुमचा आवाज मला ओळखू यायचा. ओळखीचा आला की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की मी दहा लिहायची. चांगलं-वाईट मी बघितलंच नाही."

खाली वखारीत करवत थांबली, पुन्हा सुरू झाली.

"पंचवीस वर्षं ऐकलंस ना," त्या म्हणाल्या. "मीच वेडी. चोराला वाट विचारायची आणि घरच्या माणसाला आवाज!" मग अचानक उठल्या. "चल. काकांकडे जाऊ."

दुरुस्तीवाल्या काकांना सगळे ठोकेकाका म्हणत, कारण वाद्यांचे पोचे काढायला ते दिवसभर लाकडी हातोडीने ठोकत बसत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. छताला पोचे आलेले कर्णे लटकलेले, कोपऱ्यात पितळ फिरवून कापायचा लेथ, सगळीकडे तेलाचा आणि तापलेल्या पितळेचा वास. काचेतून येणाऱ्या उन्हात पितळेची भुकटी तरंगत होती. तिथे बोललेलं सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येई, कारण प्रत्येक शब्दावर छताला टांगलेलं काहीतरी बारीक घुमायचं.

काकांनी जुना माउथपीस नव्या हॉर्नात घातला, जिथे अडकला तिथे दांडीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि काढून नाकाजवळ धरला.

"जुन्या हॉर्नचं तोंड अरुंद. याचं रुंद. तुमची दांडी त्यात नखभर जास्त आत जाते."

"नखभराने काय होतं हो काका?" मी विचारलं.

"चष्मा नखभर खाली सरकवून सुईत दोरा ओवून दाखवा."

त्यांनी पातळ कागदाची चिंचोळी पट्टी कापली, दांडीला एक वेढा दिला आणि हॉर्न वन्संच्या हातात ठेवला. वन्संनी खालचा सूर लावला. पूर्ण बसला नाही, पण पायाखाली फरशी लागली. वन्सं स्टुलावर बसल्या.

"म्हणजे माझे ओठ…"

"ओठांना काय धाड भरलीय? ओठ शाबूत आहेत. पण कागदावर सरांपुढे जाऊ नका, दमट हवेत लगदा होतो. आणि वाटीही या नळीला उथळ पडते तुमची." त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "कड मात्र बदलू नका. ओठ ओळखतात ते कडेला. त्या चार परक्या माउथपीसांनी जमलं नाही ते म्हणूनच. मी असं करतो, तुमचीच कड कापून सुटी करतो, तिला आटे पाडतो. खाली हवी ती वाटी लावा, मळसूत्रासारखी. ओठांचं माहेर तेच, सासर तेवढं नवं."

"काका, मी एकदाही सासरी गेले नाही."

"मग आता एका दमात पाच बघून या."

वन्सं हसल्या, पण माउथपीस काकांच्या हातात देताना त्यांची बोटं सुटेनात. सव्वीस वर्षं तो त्यांच्या उबेत होता. एकदा कापला की कापला. काकांचा हात जरा हलला तर कडही जाईल. काका हात पसरून थांबले. शेवटी वन्संनी तो ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. दात काढताना धरावा तसा मी त्यांचा हात धरला. लेथ सुरू झाला. आधी किंकाळी, मग बारीक गुणगुण, आणि मग एकदम शांतता. छताचे कर्णे तेवढे घुमत राहिले.

सुटी कड अंगठीसारखी दिसत होती. काकांनी तिच्याबरोबर नव्या हॉर्नात बसतील अशा पाच वाट्या दिल्या. जुन्या वाटीलाही आटे पाडून दिले, दांडीला पितळेचा पातळ पत्रा चढवला, म्हणजे तीही नव्या हॉर्नात नीट बसावी. एकूण सहा.

"या वेळी तू घरात बसायचं नाहीस," वन्संनी मला बजावलं. "घरात तू मला ओळखतेस. लांब जा. जिथे मी कोण हे कळणार नाही, तिथे."

म्हणून मी पहाटे वखारीत गेले. आमच्या घरापासून चार-पाचशे पावलं आत, थेट पाठीमागच्या कुंपणाशी. धुकं इतकं होतं की लाकडांचे थर जहाजांसारखे वाटत होते, नांगरून ठेवलेले. ओल्या भुशाचा वास येत होता. रखवालदाराने मला बसायला एक ओंडका दाखवला आणि पोतं अंथरून दिलं. मांडीवर वही, हातात पेन्सिल.

धुक्यातून पहिला आवाज आला. मग थांबला, दुसरा आला. तिसरा. ते कुठल्या दिशेने येतायत हे कळेना. कधी वाटे, माझ्या मागून. कधी वाटे, ओंडक्यातूनच. एकाला सात दिले, एकाला पाच. जुन्या वाटीचा आवाज आला तो मी इतक्या लांबूनही ओळखला. काय करणार? पोटातच कळलं. पण आज नीट ऐकलं, तर कळलं की तो थकलाय. धुक्यात अर्ध्या वाटेवरच बसकण मारतोय. मी सहा लिहिले आणि माझे डोळे भरून आले.

मग पाचवा आला.

मला वाटलं, दुसरंच कुणी वाजवतंय. हाक नव्हतीच ती. जमीनच हळूहळू वर येतेय आणि लाकडं, कुंपण, मी, सगळे तिच्यावर अलगद उचलले जातोय, असं काहीतरी. त्यात वन्सं कुठेच नव्हत्या. माझी पहिली सकाळ नव्हती, झोपलेली मुलं नव्हती. मी पोत्यावर सरळ होऊन बसले.

रखवालदार थरांमधून पुढे आला. "बाईंकडे पाहुणे आलेत काय?"

"का हो?"

"नाही, हे त्यांचं नाही वाटत."

मी वहीकडे पाहिलं. खरं सांगते, पेन्सिल उचलवेना. इथे पाच लिहिले असते तर कुणाला कळलं असतं? तो आवाज घरात आला नसता, आणि जुना राहिला असता, माझ्या घरात, माझ्या सकाळी. आणि वन्सं तळघरात गेल्या असत्या. मी मनात म्हटलं, देवा, माझा हात धर. मग दहा लिहिले. पुढच्या दोन्ही फेऱ्यांत तो आवाज आला तेव्हाही दहाच लिहिले, आणि शेजारी लिहिलं, "या तुम्ही नाही."

घरी येऊन वही दिली. वन्संनी आकडे ताडले. ती एकच वाटी होती तिन्ही वेळा, सगळ्यात खोल, आतून जरा खडबडीत. माझ्या त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे मार्क आहेत की टोमणा?"

"जे ऐकलं ते लिहिलं."

"आवडला?"

"नाही. पण तो चांगला आहे, वन्सं. रखवालदाराला विचारा."

उरलेले दिवस घरात ती नवी बाई वाजवत राहिली. मी भाजी चिरता चिरता दचकायची, वर कोण आलंय म्हणून. ह्यांना काही फरक कळला नाही. म्हणाले, "ताईचे ओठ परत आले वाटतं." वन्सं रोज थोड्या थोड्या त्या आवाजात शिरत होत्या. पहिल्यांदा दार ढकलून, मग न ढकलता.

सरांच्या परीक्षेच्या दिवशी त्या म्हणाल्या, "तू ये. शेवटच्या रांगेत बस."

सभागृहात सगळ्या खुर्च्यांवर पांढरी कापडं घातली होती. दिवे फक्त मंचावर. दारावरच्या माणसाने मला आत सोडलं आणि मी शेवटच्या रांगेतलं एक कापड बाजूला करून बसले. त्या पांढऱ्या रांगांकडे पाहता पाहता मला वखारीतल्या धुक्यासारखंच वाटायला लागलं. मी आहे आणि नाही, असं. चौघे आले, बसले. पहिल्या पोराने एकट्याने वाजवलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. वन्संची पाळी आली. त्यांनी खिशात हात घातला, माउथपीस काढला, मुठीत क्षणभर धरला, बसवला. खालचा सूर लागला. मला समोर माझ्या वन्सं दिसत होत्या, त्यांचे पांढरे झालेले कानशिलावरचे केस दिसत होते, आणि आवाज त्या बाईचा येत होता. सर वहीकडे बघत होते. मान वर केली नाही.

"आता चौघे," एवढंच म्हणाले.

चौघांनी सुरू केलं. मी खुर्चीच्या कडेवर सरकले आणि वन्संना शोधायला लागले. वरचे दोन पक्ष्यांसारखे वर गेले. खाली काहीतरी होतं ज्यावरून ते उडाले होते, ते मला कळत होतं, पण त्याला मी हात लावू शकत नव्हते. मी डोळे मिटून शोधलं. उघडून शोधलं. त्यांचे गाल हलताना दिसत होते, बोटं कळांवर उठत-बसत होती, आणि तरी त्यातला कोणता आवाज त्यांचा, हे मला सांगता येईना. चार माणसं होती आणि एकच काहीतरी श्वास घेत होतं. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की वन्सं वाजवतायत आणि मला त्या सापडत नाहीत.

तुकडा संपला. सरांनी वही मिटली, समोरचं पान उलटलं आणि चौघांना म्हणाले, "उद्या दहाला. पुढच्या भागापासून." पहिल्या पोराने वन्संकडे पाहून भुवया उडवल्या. बस्स, इतकंच झालं. निकाल असतो असा त्यांच्यात.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. वन्सं पेटी पाठीला लावून आल्या. चेहरा तापलेला, ओठांभोवती कडेचा गोल वळ उठलेला. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारलं, "चौघे वाजवत होतो तेव्हा मी ऐकू आले का गं?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"पुष्कळ शोधलं वन्सं. नाही सापडलात."

त्या पायरीवरच बसल्या, पेटीसकट. रुमाल काढला, डोळ्यांना लावला आणि मग हसायलाच लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. येणारे-जाणारे वळून बघायला लागले. मी शेजारी बसले.

"परत सांग," त्या म्हणाल्या.

मी परत सांगितलं.